आप्पांचं रीळ सगळ्यात शेवटी

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादेत अंबरपेठेच्या बाजारात भाजी घेत होतो. त्याआधी ग्रंथालयातल्या इम्तियाजचा फोन येऊन गेला होता. "भाई, आपा आज आए नै. फोन बी नै उठा रैं." ताईला तो आपा म्हणे; न सांगता दांडी मारणाऱ्यांतली ती नव्हती. नंतर नल्लकुंट्याच्या तिच्या शेजारणीने कळवलं... झोपेतच गेली. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

ताई माझी चुलत बहीण. लग्न केलं नाही, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली आणि मग रोज ग्रंथालयात मदतीला जाऊ लागली. तिचे वडील, आमचे आप्पा, निजामाच्या काळात गौलीगुड्यातून निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकात लिहीत. अटकेच्या भीतीने नाव छापत नसत. त्या अंकांची कागदी प्रत कुठेच उरली नाही, फक्त ग्रंथालयात मायक्रोफिल्मची रिळं होती. पण संशोधक मागायला गेले की "नाही" असं उत्तर मिळे. हे कसं, म्हणून ताईने मला बोलावलं. "अरविंद, तुझा जन्म हिशेब तपासण्यात गेला. जरा ही रिळांची यादी बघ." बघितली आणि हसूच आलं. डब्यांवर फसली साल होतं, निजामाच्या राज्यात कारभाराला तेच चाले. यादी करणाऱ्याने ते शक समजून इसवी सनासाठी अठ्ठ्याहत्तर मिळवले होते. त्यामुळे आमचं साप्ताहिक पंधराव्या शतकात, म्हणजे हैदराबाद वसण्याच्याही आधी निघत होतं! मिळवायचे होते पाचशे नव्वद, आणि जानेवारी लागला की एक जास्त. ताई म्हणाली, "बघ, शहराच्या आधी आपला छापखाना. पुणेकरांना सांगू नकोस, हेवा करतील."

यादी सुधारली, पण खरी अडचण डबे उघडल्यावर कळली. जुनी फिल्म खराब होऊ लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, मग ती आकसते, वेटोळी एकमेकांना चिकटतात. स्कॅन करायला यंत्र एकच आणि चालवणारा इम्तियाज एकटा. ताईने नियम केला : ज्याचा वास सगळ्यात उग्र, त्याचा नंबर पहिला. रोज सकाळी ती डबे उघडून हुंगायची आणि रांग लावायची. आप्पा ज्या वर्षी लिहीत होते त्या वर्षाचं रीळ निघालं सगळ्यात धडधाकट. ते रांगेत शेवटी गेलं.

इम्तियाजला राहवेना. "आपा, तुमारे अब्बा का रील पैले लगा देतूं. आधे दिन का काम है."

"नक्को रे. तंदुरुस्त आदमी दवाखाने में लाइन तोडता क्या?"

मीही विनवलं. तिचं हृदय अशक्त झालं होतं, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती. "ताई, बिननावाच्या लेखांतून आप्पांचे कोणते हे ओळखणारी तू एकटीच उरलीस."

"ओळखीन की. ते बोलायचे तसंच लिहायचे. पण त्या अर्ध्या दिवसात इकडचं एखादं चिकटलं तर? त्यातही कुणाचे तरी आप्पा असतीलच ना..." एवढं बोलून ती पुढच्या डब्याकडे वळली. आयुष्यभर मी नियम पाळणारी माणसं पाहिली, बहुतेक स्वतःची पाळी आली की पळवाट काढणारी. स्वतःवर एवढा कडक नियम लावून वर थट्टा करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आंबट वासाच्या त्या रिळांपैकी एकही वाया गेलं नाही. आज ती सगळी कुणालाही घरबसल्या वाचता येतात.

गेल्या आठवड्यात आप्पांच्या रिळाची पाळी आली. पानं इतकी स्वच्छ उमटली की इम्तियाजला एकही पुन्हा स्कॅन करावं लागलं नाही. ताईच्या खुर्चीत मी बसलो होतो, प्रत्येक लेखाची नोंद करायचं तिचं काम आता माझ्याकडे आहे. तलावांच्या दुरुस्तीवर एक लेख आला. वाचता वाचता आप्पा समोर बसून बोलताहेत असं वाटलं. मी लहान असताना ऐकलेला आवाज, तो किती आठवणार... इम्तियाजने विचारलं, "उनका हीच है ना, भाई? नाम डाल दूं?"

मी तो लेख पुन्हा वाचला. ताईने एका नजरेत सांगितलं असतं. मला नुसतं वाटत होतं. लेखकाच्या रकान्यात मी "नाव नाही" असं भरलं आणि पुढचं पान मागितलं.