खिंडीकडचा रिकामा रस्ता

गाड्या नसलेला रस्ता शोधायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा वाटलं होतं की ते नकाशावरच उरकेल. मी उल्हासनगरच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काहीही अडलं की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, मग ते गॅसचं बुकिंग असो की गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी. बहुतेक वेळा मलाही माहीत नसतं. तरी मी "बघते" म्हणते.

या वेळी पप्पांचं अडलं होतं.

पप्पा अंबरनाथ पूर्वेच्या एका कंपनीत फिटर आहेत. बदलापूरच्या बेलवलीतल्या आमच्या घरापासून कंपनीपर्यंत ते कायम सायकलनेच गेले. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी झाली. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, चांगलीच आहे. फक्त आरामात." पप्पा खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले आणि थोड्याच वेळात सायकल हातात धरून चालत परत आले. मागून पाण्याचा टँकर आला, त्याने हॉर्न दाबून धरला आणि पप्पा गटाराच्या कडेला जाऊन उभे राहिले ते तिथेच राहिले. मम्मीने पाणी दिलं तेव्हा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

त्यानंतर ते शेअर रिक्षाने कामावर जाऊ लागले. त्यात काही वाईट नव्हतं. पण ते प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागले. दूध आणायला खाली जायचं तरी दारात थांबून विचारायचे, "जाऊ ना?" पप्पांनी कुणाला असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मम्मी "जा की" म्हणायची आणि मग ते परत येईपर्यंत गॅलरीत उभी राहायची.

मला एवढंच कळत होतं की त्यांना पुन्हा एकट्याने बाहेर पडता यायला हवं, आणि त्यासाठी मागून हॉर्न न वाजणारा रस्ता हवा.

बदलापूर पश्चिमेकडून सोनिवलीच्या नव्या इमारती मागे टाकल्या, उल्हास नदी ओलांडली की पुढे बारवी धरणाचा रस्ता आहे. रविवारी तिथे उशिरा पिकनिकच्या गाड्या सुरू होतात, पण पहाटे तो मोकळा असतो. त्या रस्त्यावरून एक कच्ची वाट डोंगराकडे फुटते. तोंडाशी आडवा चर खणलेला आहे, चारचाकी आत जाऊ नये म्हणून. सायकल उचलून पलीकडे ठेवली की पुढे दरी, दोन्हीकडे सागाचं जंगल आणि शेवटी खिंड. हे सगळं मी आधी फोनवरच्या नकाशात पाहिलं. उंचीच्या रेषाही पाहिल्या. या रेषा जवळजवळ असल्या की चढ तीव्र, हे मी परीक्षेत लिहिते आणि त्याचे मार्कही मिळतात. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष गाड्यांवर होतं. चढाचा विचार मी केलाच नाही.

पहिल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा थंडी होती आणि नदीवर धुकं होतं. पप्पांची काळी सायकल पुढे, माझी शाळेतली, आता मला लहान होणारी सायकल मागे. चर ओलांडून आत गेलो. रस्ता पूर्ण रिकामा, तरी पप्पा डाव्या कडेच्या खडीवरूनच चालवत होते. प्रत्येक वळणावर घंटी वाजवत होते.

"पप्पा, मधून चालवा ना. कोणी नाहीये."

"सवय आहे गं."

सवय फक्त कडेची नव्हती. ते कामावर जायच्या वेगाने चालवत होते. भोंगा होण्याआधी गेटवर पोचायचं असल्यासारखे खाली मान घालून निघाले होते. सायकलवरून नुसतं फिरायला जाणं त्यांना माहीतच नव्हतं. मी मागून ओरडत राहिले, "हळू! हळू!" चढ सुरू झाला तरी ते उतरले नाहीत. सीटवरून उठून, पायावर सगळं वजन टाकत ते पायडल मारत राहिले आणि एका वळणावर अचानक थांबून दगडावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती. दुखत नव्हतं, नुसता दम लागला होता, असं ते म्हणाले. खूप वेळ आम्ही तिथे बसलो. मग परत फिरलो.

घरी सगळं ऐकून मम्मीने आधी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे वळली. "भूगोल शिकतेस ना तू? डोंगर दिसला नाही तुला एवढा?"

त्यानंतर काही रविवार तसेच गेले. पप्पा टीव्हीसमोर बसायचे. मला वाटायचं, मी त्यांना बरं करायला नेलं आणि उलट त्यांची भीती पक्की करून आणली. पुन्हा विचारायची माझी हिंमत नव्हती. पण एका शनिवारी जेवताना तेच म्हणाले, "त्या रस्त्यावर हॉर्न नव्हता, हे मात्र खरं."

मम्मीने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "जायचं तर जा. पण ही पुढे राहील. तुम्ही मागे."

म्हणून दुसऱ्या वेळी मी पुढे होते. या वेळी मी रस्त्याच्या मधून चालवलं, आणि हळूहळू पप्पाही कडेवरून आत आले. थोड्या वेळाने ते माझ्या शेजारीच आले. मला आठवत नाही की त्याआधी आम्ही कधी शेजारी शेजारी सायकल चालवली होती. अंबरनाथच्या रस्त्यावर कायम एकामागे एक. तिथे बोलायचं तर ओरडावं लागतं.

मग चढ आला. खरं सांगायचं तर माझाच दम संपला. मी खाली उतरले. लगेच मागून घंटी वाजली.

"उतरली रे उतरली! चहा तुझ्यावर!"

"कसला चहा?"

पप्पा हसत हसत मला ओलांडून पुढे गेले. जाताना ओरडून सांगू लागले. कंपनीला जाताना ते आणि त्यांचे सोबती मिळून रेल्वेचा पूल चढायचे. पुलावर जो सायकलवरून उतरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम. वर दिवसभर टोमणे वेगळे. "बाईसाहेब, पालखी मागवू का?" पप्पा कधीच उतरले नव्हते. एकदा ताप होता तरी नाही.

हे ऐकून मला हसू आलं आणि भीतीही वाटली. पहिल्या रविवारी ते का उतरले नाहीत, ते आत्ता कळलं.

पुढच्या वळणावर ते दिसले. सायकल थांबलेली, एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. चेहरा लाल.

"मी उतरलो नाही हां," ते म्हणाले. "थांबलोय."

"पप्पा, उतरा ना." मी म्हटलं. "चहा मीच पाजते. दोघांचा."

त्यांनी मागे पाहिलं. मग पुढे पाहिलं. सागाची वाळलेली पानं रस्त्यावरून घसरत होती, बाकी काही हलत नव्हतं.

"कंपनीत सांगशील?"

"मी कशाला सांगू?"

त्यांनी दुसरा पाय खाली ठेवला. सायकल डाव्या हाताला घेतली आणि चालायला लागले. सुरुवातीला खाली मान घालून, मग हळूहळू मान वर आली. चालताना ते विचारू लागले, हे झाड कोणतं, ही वाट कोणी काढली असेल, पलीकडे कोण राहतं. मला त्यातलं फारसं माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "असू दे. मलाही नाही माहीत."

खिंडीत वारा जोरात होता. पलीकडे दुसरी दरी होती, कापणी झालेली भातशेती आणि दूर काही घरांची कौलं.

"जाऊन बघू," पप्पा म्हणाले.

"अहो, परत चढायला लागेल!"

"चढू की. चालत."

आणि ते निघालेसुद्धा. ब्रेक कुरकुरत होते, पाठीवर शर्ट फुगला होता.

महिन्याभरानंतरची गोष्ट. कॉलेजला सुट्टी नव्हती, पप्पांच्या कंपनीला मात्र त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी घरी आले तर मम्मी मेथी निवडत बसली होती. गॅलरीत नव्हती.

"पप्पा कुठे?"

"डोंगराला. सकाळीच गेले एकटे."

"विचारलं नाही?"

"सांगून गेले." तिने देठ बाजूला टाकले. "मघाशी फोन आला होता. म्हणाले, अर्ध्या चढावर उतरलोय, चालत चाललोय, जेवायला थांबू नका."

मी बॅग ठेवली आणि तिच्यासमोर बसून मेथी निवडायला घेतली.