मामूंची हलकी गाडी

दुबईत धड डांबरी रस्ता येण्याआधी शर्यतीची गाडी आली, आणि ती माझ्या बायकोच्या मामूंनी बनवली. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, कारण ती गाडी मी चालवलेली आहे. साठच्या दशकातली गोष्ट. मी देऱ्याला, म्हणजे दुबईच्या जुन्या भागात, खाडीकाठी एका स्टीमर एजंटाकडे कारकून होतो आणि मामू आमच्या घरामागे, खजुराच्या झावळ्यांच्या छपराखाली, लोकांच्या जीपगाड्या दुरुस्त करत. माणूस रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. तरुणपणी मुंबईत एका हौशी शेठच्या गॅरेजात शर्यतीच्या गाड्यांवर काम केलेलं. शेठची हौस फिटली, गाड्या विकल्या गेल्या आणि मामू बोटीत बसून आखातात आले. पण स्वतःची ओळख ते 'रेसिंग इंजिनिअर' अशीच करून देत. ऐकणारा विचारी, "इथे रेस कुठे होते?" मामू म्हणत, "आधी गाडी होऊ दे."

जगातले सगळे दोष वजनातून येतात, असा त्यांचा सिद्धांत होता. दुरुस्तीला आलेल्या गाडीतून ते अनावश्यक भाग काढून ठेवत, आणि अनावश्यक काय ते स्वतःच ठरवत. खजुराच्या एका व्यापाऱ्याची जीप त्यांनी मागच्या सीटशिवाय परत केली. तो तक्रार घेऊन आला तेव्हा मामूंनी विचारलं, "मागे कोण बसतं?" "पाहुणे." "रोज येतात?" "रोज." "आता नाही येणार," मामू म्हणाले. पुढच्या शुक्रवारी तो व्यापारी त्यांच्यासाठी खजुराची करंडी घेऊन आला. आमच्या घरच्या आमटीच्या डावाच्या दांड्यालाही त्यांनी ओळीने सहा भोकं पाडून दिली. त्यानंतर हात दुखायचा थांबला, असं माझी बायको आजही सांगते. सगळीच गिऱ्हाइकं मात्र इतकी समजूतदार नव्हती. कुणाचं बंपर गेलं, कुणाचं दार गेलं, आणि हळूहळू गिऱ्हाइकंही गेली.

त्या रिकामपणात गाडी झाली. उलटलेल्या ट्रकचं इंजिन, तेलाच्या पिंपांचा पत्रा आणि दोन वर्षं. मग चालक हवा होता. मामू मला कस्टमच्या गोदामात घेऊन गेले आणि तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो भरलो. "जावई," ते म्हणाले, "पूर्ण देऱ्यात तुमच्याइतका हलका माणूस नाही." मला गाडी नीट चालवता येत नाही, असं मी सांगितलं. "ते एवढं महत्त्वाचं नाही," मामू म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझा रात्रीचा भात बंद झाला.

तेलकंपनीच्या छावणीतल्या एका इंग्रज मेकॅनिकने शर्यतीचं कबूल केलं. त्याची जीप, आमची गाडी. ईदच्या दुसऱ्या दिवशी, गावाबाहेरच्या सबख्यावर, म्हणजे मिठाचा पापुद्रा धरलेल्या सपाट जमिनीवर. गाडी चांगली धावली तर कंपनीच्या अबुधाबीच्या वर्कशॉपसाठी मामूंचं नाव देईन, असं तो म्हणाला होता. मामूंना ते काम हवंच होतं. आणि आमच्या घरी सहावा महिना चालू होता, म्हणून मला धड परत यायचं होतं. गाडीत बसल्यावर मी पायाने चाचपलं. "मामू, ब्रेक कुठला?"

"काढला. सगळा मिळून पंधरा किलो होता."

"मग थांबायचं कसं?"

"आधी पुढे तर जा. यल्ला, निघा," ते म्हणाले, आणि कुणीतरी रुमाल खाली केला.

शर्यत मी जिंकली. जीप निम्म्या वाटेवर पापुद्रा फोडून चाकं बुडेपर्यंत रुतली. आमची गाडी वरच्यावर निघून गेली. शर्यतीच्या शेवटाला निशाणाची म्हणून ठेवलेली पिंपं मागे पडली तेव्हा मी पाय उचलला. पेडल वर आलं नाही. त्याची स्प्रिंगही वजनात धरली गेली असावी. इंजिन बंद करायला किल्ली नव्हती. तारा बॉनेटखाली जोडलेल्या होत्या. गिअर काढायचं मला सुचलं नाही. मी सरळ जात राहिलो. पेट्रोल मात्र मामूंनी मोजून घातलं होतं, म्हणून ही हकीकत सांगायला मी आहे. तीन मैलांवर ते संपलं आणि गाडी आपोआप थांबली. मी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने चाकांच्या खुणांवरून कुणीतरी धावत येताना दिसलं. मामू होते. साठीला आलेला माणूस. चपला वाटेत कुठेतरी राहिल्या होत्या आणि मिठाने तळवे फाटले होते. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझं डोकं, खांदे, मग दोन्ही हात, एकेक करून चाचपले आणि तिथेच खाली बसले. "गाडीचा आवाज बंद झाला," ते म्हणाले. "मला वाटलं, खलास." मग खाली बघत ते म्हणाले, "भाचीला काय सांगणार होतो मी?"

इंग्रजाने शब्द पाळला. अबुधाबीला जाण्याआधी मामूंनी ती गाडी स्वतःच्या हाताने सुटी केली. कुणाला हात लावू दिला नाही. तिकडे त्यांच्याकडे पाण्याचे टँकर होते, आणि त्यांनी दोनदा ब्रेक तपासल्याशिवाय एकही टँकर फाटकाबाहेर पडत नसे, असं तिथले लोक सांगत. ड्रायव्हर वैतागत. मामूंनी पुन्हा शर्यतीची गाडी बनवली नाही, आणि मी त्यांना कधी विचारलंही नाही.

दोन-तीन वर्षांनी ते आमच्या मुलीला बघायला आले. तोवर दुबईत डांबरी रस्ता झाला होता. संध्याकाळी आम्ही तो बघायला गेलो. मामूंनी वाकून डांबरावरून तळहात फिरवला.

"छान केलाय," ते म्हणाले. "आता कुणीही जोरात जाईल."

आम्हाला पलीकडे जायचं होतं. फार लांबून एक गाडी येत होती; तेवढ्यात आम्ही दोनदा ओलांडून परत आलो असतो. पण मामूंनी माझा हात धरला आणि ती गाडी येऊन, आमच्यासमोरून जाऊन, दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही.