होम प्लेटजवळ पडलेली बॅट

आमच्या गल्लीत बेसबॉल आला तो गुणांसाठी. आवडबिवड कोणाला नव्हती. क्रीडाशिक्षक सर दहावीच्या वर्गात येऊन म्हणाले, "क्रिकेटला जिल्ह्यात खंडीभर संघ आहेत, तिथे तुम्हाला कोणी विचारणार नाही. बेसबॉलला चार-पाचच. जिल्हा जिंकून विभागावर खेळलात तर बोर्डाला वाढीव गुण मिळतील."

मला चाचणीत गणितात अकरा-बाराच्या वर गुण कधी पडत नसत. आमच्या घरात दहावी पास झालेलं कोणी नव्हतं, आणि मला ती होऊन दाखवायची होती. मी नाव दिलं आणि गल्लीतल्या पोरांनाही ओढलं. सरांनी मलाच कॅप्टन केलं. तिथूनच माझं डोकं उठायला सुरुवात झाली.

मूग काढून मोकळ्या झालेल्या एका पट्ट्यात आम्ही खेळायचो. बेस म्हणून खताच्या गोण्यांत माती भरलेली. शाळेची ॲल्युमिनियमची बॅट एकच होती. ती माझ्याच वर्गातल्या चुलतभावाकडे असायची, कारण सगळ्यात लांब तोच मारायचा. पण मारलं की हा बॅट घेऊनच पळायचा. बेसबॉलमध्ये बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. हा बॅटसकट पहिल्या बेसवर पोहोचायचा आणि क्रिकेटसारखी बॅट गोणीला टेकवायचा. पाय गोणीच्या हातभर अलीकडे. बाद.

"टाक ना रे ती बॅट," मी ओरडायचो. "बैल हाकाले जाई ऱ्हायना का तू?"

"हातमा बॅट नही राहे तं माले पयताच येत नही," तो शांतपणे सांगायचा.

दोन महिने मी रोज हेच ऐकलं. एकदा तर त्याने बॅट टाकली, चार पावलं पळाला आणि परत येऊन उचलून घेऊन गेला. म्हणे, धुळीत कशी ठेवायची. मी त्या दिवशी जेवलो नाही.

दसऱ्याला आणखी एक झालं. काकूने कोळपं, विळे, कुऱ्हाड धुऊन अंगणात मांडली आणि त्यांच्या ओळीत बॅटही ठेवली. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. मी म्हटलं, "काकू, ती शाळानी शे."

"शाळानी शे तं काय व्हयनं? कामनी वस्तू शे ना."

आम्ही सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मीही केला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

जिल्ह्याचा शेवटचा सामना नंदुरबारला झाला. शेवटचा डाव, बरोबरी, आमचे दोन बाद; तिसरा बाद झाला की डाव संपणार. मी तिसऱ्या बेसवर होतो आणि बॅट चुलतभावाच्या हातात. मी होम प्लेटला, म्हणजे मारणारा उभा असतो त्या जागेला, पोहोचलो की धाव, आणि आम्ही जिंकलो. मी तिथूनही ओरडत होतो, "बॅट टाक, बॅट टाक."

त्याने मारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बॅट टाकून पळाला. पहिल्या बेसवर व्यवस्थित पोहोचलाही. मी होम प्लेटकडे सुटलो. बॅट माझ्याच वाटेत आडवी पडलेली. माझा पाय तिच्यावर पडला.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. मी थांबलो, वाकलो, बॅटला हात लावला आणि तो कपाळाला लावला. होम प्लेट दोन पावलांवर होती. तेवढ्यात प्लेटमागच्या त्यांच्या कॅचरकडे चेंडू आला आणि त्याने तो माझ्या पाठीला टेकवला. बाद. बिचारा हसतही नव्हता. त्याला कळेचना की मी वाकलो कशाला.

जादा डावात त्यांनी दोन धावा काढल्या. आमची एकही नाही.

परतीच्या एसटीत चुलतभाऊ माझ्या शेजारी बसला. "मी तं टाकी दिधी ना बॅट," तो म्हणाला. "तूच सांगस ना रोज."

पुढच्या सीटवरून सरांनी मान वळवली. "दोन महिने नियम शिकवले," ते म्हणाले. "हा कोणत्या पुस्तकात होता?"

घरी मी फणफणत सगळं सांगितलं. वाटलं, आई तरी हळहळेल. तिने भाकरी उलटवली आणि म्हणाली, "पाय लागना तं पाया पडनं पडसच. बराबर करं तू."

"आणि गणित?" मी विचारलं.

"त्यानं काय? गणित बी तूच करशी."

असा राग आला की काय सांगू. त्या रागातच पुस्तक काढलं आणि पहिल्या प्रकरणापासून बसलो. चुलतभावालाही ओढून आणला, कारण वाढीव गुण त्याचेही गेले होते. तो दर गणिताला विचारायचा, "हाई कसाकरता?" मी परत समजावायचो, परत चिडायचो. मार्चपर्यंत हेच.

मला गणितात एकेचाळीस पडले. त्याला सदतीस. पुढे मी पदवी घेतली, घरातली पहिली, आणि तिच्यात खेळाचा एकही गुण नाही. तरी कोणी बेसबॉलचा विषय काढला की मी अजून चिडतो. दोन पावलं होती हो फक्त.