नुसती चढाई

१९५६ साल. मी चोवीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. शाळा चौथीत सुटली, पण हुतूतूत अंधेरीपासून मरोळपर्यंत मला ओळखत नाही असा माणूस नव्हता. म्हणून आमच्या क्रीडा मंडळानं मुलींचा संघ काढला तेव्हा शिकवायला मलाच बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गिरणीतले जुने जॉबर, कामगारांवरचे मुकादम. त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, "एक सामना बघू. हसं झालं तर संघ बंद."

सात मुली आल्या, भावांच्या विजारी घालून. त्यांची कप्तान एकोणीस वर्षांची, बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. मालवणकडची, जिभेला हाड नसलेली.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "आपण चढाईवर जिंकायचं. सगळं लक्ष चढाईवर."

"आणि पकड?" तिनं विचारलं.

"पकडीची गरजच पडता कामा नये."

मोठा डाव असल्यासारखं बोललो. खरं वेगळंच होतं. पकड तोंडानं शिकवता येत नाही. घोटा कसा धरायचा, मांडीला खांदा कुठे लावायचा, कंबरेला कव कशी घालायची, हे अंगाला हात लावून दाखवावं लागतं. परक्या, वयात आलेल्या मुलींना मी कसा हात लावणार? विचारानंच माझे कान तापायचे. लाज वाटते म्हणून सांगायचीही लाज. त्यापेक्षा चढाई बरी. ती लांब उभं राहून शिकवता येते. आणि चढाई मी अशी शिकवली की तशी उपनगरात कोणी शिकवली नसेल, हे आजही छाती ठोकून सांगतो.

सामना घाटकोपरला होता. आमच्या मुली पहिल्या चढायांत एकेक गडी टिपून आल्या. मी मांडीवर थाप मारली. मग समोरची एक जाडजूड बाई दम घेऊन आमच्यात शिरली आणि आमच्या मुली कोंबड्यांसारख्या पांगल्या. धरायचं कसं हे एकीलाही ठाऊक नव्हतं. ती बाई सावकाश हिंडली, दोघींना शिवली, परत जाताना हसली. पुढच्या खेपेला तर चालतच आली. बघता बघता आमच्या सातही बाद. लोण चढला. परत डाव मांडला, परत लोण. कुंपणावरून कोणी ओरडलं, "अगं, हात कशाला दिलेत? भाकऱ्या थापायला?" सगळं मैदान हसलं.

सामना संपल्यावर अध्यक्ष मुलींकडे न बघता मला म्हणाले, "झालं ना हसं? उद्यापासून बंद."

आणि मी काय म्हणालो? "मुलींना पकड जमत नाही, त्याला मी काय करू?"

कप्तान तिथंच गुडघ्याची माती झाडत होती. ती उभी राहिली. "जमत नाही, का शिकवली नाही? दादा, एक दिवस तरी शिकवलीत? सांगा ना सगळ्यांना."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "का रे, खरं?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागलो. मंडळाचा एक पोरगा म्हणाला, "अरे, हा लाजला रे!" पुन्हा सगळे हसले. मुली मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. त्यांचा खेळ माझ्यामुळं गेला होता आणि वर दोषही मी त्यांच्याच माथी मारला होता. इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कप्तानच्या दारात उभा. तिचा बाप मशेरी लावत बाहेर आला.

"मुलीला पाठवा. पकड शिकवायची आहे."

"संघ बंद झालो ना?"

"मंडळानं केला. मी नाही."

"आणि धरतली कोणाक?"

"मला."

त्यानं मशेरी थुंकली. मग आत तोंड करून ओरडला, "गो, ऊठ! आणि बाकीच्यांकाय हाक मार."

मी चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत गेलो. नळावर पाण्याला आलेली माणसं बघत होती. टाचेनं मातीत रेघ ओढली. मुली पलीकडे उभ्या राहिल्यावर लेंगा वर खोचला, दम घेतला आणि त्यांच्यात शिरलो.