आदरार्थी जी

अनुस्वारराव आणि लॅपटॉपवाले दुकानदार यांची पहिली भेट झाली, त्या दिवशी दुकानदाराला वाटलं की आपली शंभर वर्षं भरली.

भर दुपारी एक माणूस दुकानासमोरच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि वर पाटीकडे बघत राहिला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. रहदारी त्याला वळसा घालून जाऊ लागली. एका कुत्र्याने जवळ येऊन हा खांब आहे की काय याची चौकशी केली आणि निराश होऊन ते निघून गेलं. माणूस हलेना. खिशाला लाल पेन, नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा, काखेत कापडी पिशवी. दुकानदाराने आपली गेल्या सात वर्षांची पापं भराभर आठवून पाहिली. आयकर, नगरपालिका, बायकोचा मोठा भाऊ, सगळं चाळून झालं. तेवढ्यात तो माणूस आत आला, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि फाशीची शिक्षा सुनावावी तशा आवाजात म्हणाला,

"तुमच्या दुरुस्तीत चूक आहे."

"कुठला लॅपटॉप, साहेब? पावती आणलीय का?"

"लॅपटॉप नाही, पाटी. 'दुरुस्ती'तला रु पहिला हवा, तुम्ही दुसरा दिलाय. आणि 'विक्री'ला दुसरी वेलांटी हवी, तिथे पहिली दिलीय. म्हणजे नुसती अदलाबदल झालीय. बाहेरून काही आणावं लागणार नाही."

दुकानदाराने इतक्या वर्षांत चोर पाहिले होते, उधारीवाले पाहिले होते, पाण्यात पडलेला लॅपटॉप तांदळात ठेवून परत आणणारे पाहिले होते. हा नमुना नवा होता. त्याने निमूटपणे पाणी पुढे केलं.

अनुस्वाररावांचं खरं नाव छापखान्यात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते तिथे मुद्रितशोधक होते. यंत्रांच्या खोलीला लागून त्यांची कोंदट खोली होती. यंत्र सुरू झालं की जमीन थरथरे आणि टेबलावरच्या पाण्याला लाटा येत. त्या भूकंपात बसून ते दुसऱ्यांच्या चुका वेचत. कायम सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले असतात म्हणून कुणीतरी त्यांना 'अनुस्वार' म्हटलं, आणि वयाला मान म्हणून पुढे 'राव' चिकटलं. एके काळी त्या खोलीत चार मुद्रितशोधक होते. मग चुका काढायचं काम संगणक करू लागला. तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि पुढे त्या खुर्च्याही गेल्या. अनुस्वारराव उरले, कारण मालकांना त्यांना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगायचं धैर्य होत नव्हतं. सांगितलं असतं, तर त्यांनी त्या वाक्यातलं काहीतरी दुरुस्त केलं असतं.

त्यांच्याकडे येई ते बहुतेक जाहिरातींचं काम. त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता: विशेषण म्हणजे दुकानदाराने नामात मिसळलेलं पाणी. 'अस्सल', 'खास', 'शाही', 'संपूर्ण'. हे काढून टाका, खाली वस्तू उघडी पडते आणि मग तिची खरी किंमत कळते. या सिद्धांतावर त्यांनी संसार केला. 'डबल' पलंग, 'फुल' कपाट, 'सुपर' पंखा यांतलं पहिलं पद खोडूनच त्यांनी आयुष्यभर खरेदी केली. त्यामुळे पलंगावर वळताना एकमेकांना सांगून वळावं लागे, पण पैसे वाचले होते.

त्या पैशांना आता वाट मिळाली होती. एकुलत्या एका मुलीला वास्तुरचनेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. घराण्यात आजवर कुणी घर बांधलं नव्हतं; भाड्याची मात्र बरीच बदलली होती. मुलगी लहानपणी प्रत्येक नव्या भाड्याच्या खोलीत खडूने जमिनीवर खिडक्या काढायची, कारण भिंतींना त्या नसायच्या. आता ती खऱ्या काढणार होती.

कॉलेजने साहित्याची यादी दिली. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'गेमिंग लॅपटॉप, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासह'. अनुस्वाररावांनी लाल पेन काढलं. 'गेमिंग' गेलं. 'स्वतंत्र'वर पेन क्षणभर थांबलं.

"स्वतंत्र कशाला? आतलं काय पारतंत्र्यात आहे?"

"बाबा, खोडू नका हो. त्याला म्हणतातच तसं," मुलगी म्हणाली. "आम्हाला काही खेळायचं नाहीये. इमारत सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची, उजेड कुठून येतो ते बघायचं, तर तसलाच लागतो. साध्यावर चालत नाही."

"म्हणतात म्हणून लोक छापतात आणि छापलंय म्हणून पुन्हा म्हणतात. चुका अशाच वाढतात, बाळा."

"अहो, तिला शिकायचंय, तुम्हाला नाही," आतून बायको म्हणाली. "ती सांगते तो आणा. नाहीतर पलंगासारखं कराल."

मुलगी बापाची लेक होती. दीड महिना तिने लॅपटॉपचीच तपासणी केली. वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून वहीत अकरा लॅपटॉप लिहिले आणि एकेक खोडत गेली. हा महाग, याची बॅटरी टिकत नाही, याचा पडदा रंग खोटे दाखवतो, हा तापला की झोपतो. अकरावर सुरू झालेली यादी एकावर आली. तो एक सगळ्यांत स्वस्त होता आणि त्याच्यावर काम चालणार होतं. त्याच्याखाली जायला जागाच नव्हती. तिने चिठ्ठीवर त्याचा क्रमांक लिहिला: ५६७ जी.

दुकानातली सूट शनिवारपर्यंतच होती आणि शनिवारी तिला कागदपत्रं तपासून घ्यायला कॉलेजात जायचं होतं. म्हणून बाबा निघाले. चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवताना ती म्हणाली, "बाबा, हाच आणा हं. एक अक्षरही बदलू नका."

अक्षर बदलू नका, हे तिने कुणाला सांगितलं, तर अनुस्वाररावांना.

पाटीचं प्रकरण मिटल्यावर दुकानदाराने ५६७ जी काउंटरवर ठेवून सुरू केला. कळफलकाखालून तांबडे, हिरवे, जांभळे दिवे धावू लागले. आतून घुंऽऽ असा आवाज आला. अनुस्वारराव दोन पावलं मागे सरले.

"उडणार आहे का हा?"

"पंखे आहेत, साहेब. दोन. काम जड असलं की तापतो ना."

"आणि तो शेजारचा?"

शेजारी हुबेहूब तसाच एक बसला होता. तोच रंग, तोच पडदा. दिवे नाहीत, आवाज नाही. शांत आणि सुसंस्कृत. खाली लिहिलं होतं: ५६७. किंमत पाहून अनुस्वाररावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. जवळजवळ एक तृतीयांश कमी.

"हा बिनजीचा," दुकानदार म्हणाला. "जी असला की गेमिंगचा. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड येतं. बाकी दोघं सारखेच."

"बाकी दोघं सारखेच," अनुस्वाररावांनी पुन्हा म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढू लागलं. जाहिरातीतली मोठी लबाडी सापडली की चढायचं, तसं. "म्हणजे हा जी आदरार्थी आहे!"

"काय?"

"गुरुजीतला जी काढला, तरी गुरू उरतोच ना? रामजीतला काढला, तर राम उरतो. मान कमी होतो, माणूस नाही. आणि मान द्यायचे एवढे पैसे?"

दुकानदार पोट धरून हसला. माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर म्हणाला, "साहेब, चिठ्ठीवर जी आहे. मुलीला एक फोन करून विचारून घ्या. सील फोडलं की कंपनी परत घेत नाही."

"ती आता कागदपत्रांच्या रांगेत असेल. आणि तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय मला."

वाचलेल्या पैशांत तिच्यासाठी काय काय येईल, ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. आराखडे काढायचं तिरकं टेबल. खिडकी असलेली भाड्याची खोली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचल्या, आज स्वतःच्या मुलीचे पैसे वाचवले. त्यांनी बिनजीचा बांधायला सांगितला. आणि बांधता बांधता, हमीची पुस्तिका बरोबर आहे ना हे पाहायला, खोकं तिथेच उघडायला लावलं. पुस्तिकेत अकरा चुका निघाल्या. सील दुकानातच फुटलं.

संध्याकाळी मुलीने खोकं उघडलं. लॅपटॉप उलटा करून खालची पट्टी वाचली. पुन्हा वाचली. मग खोक्याच्या तोंडाशी फाटलेल्या सीलवरून अंगठा फिरवला.

"काय, कसा आहे?"

"छान आहे, बाबा," ती म्हणाली. "हलका आहे."

अनुस्वाररावांनी बायकोला आदरार्थी जीची गोष्ट सांगितली. मुलीला सांगितली. जेवताना दोघींना मिळून सांगितली. तिसऱ्यांदा मुलगी हसली.

कॉलेज सुरू झालं. ती सकाळी लवकर जायची, तिथल्या संगणकांसमोर रांग लावायची आणि कुलूप लागेपर्यंत बसायची. अनुस्वारराव छापखान्यात अभिमानाने सांगत, "घरी स्वतःचा असून कॉलेजात बसते. अभ्यासाचं वातावरण लागतं तिला!" संगणक चौदा होते आणि मुलं साठ, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चौदाजणांना जागा मिळे. उरलेली घरून आपापले दिवेवाले लॅपटॉप आणत.

एका रविवारी सकाळी ती घरात लॅपटॉपसमोर हातांची घडी घालून बसलेली दिसली. पडद्यावर एक गोल फिरत होता.

"काय करतेस?"

"थांबलेय."

"कशासाठी?"

"भिंत येईपर्यंत."

अनुस्वारराव कौतुकाने शेजारी बसले. बऱ्याच वेळाने भिंत आली. छप्पर यायला निघालं, वाटेत अडकलं, आणि भिंतीसकट सगळंच नाहीसं झालं. पडदा निळा पडला.

"हरकत नाही," ते म्हणाले. "आपल्या मागच्या घराचंही असंच होतं."

ती हसली नाही. तिने लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा सुरू केला. हे तिच्या हाताला इतकं सवयीचं झालेलं होतं की ते पाहताना अनुस्वाररावांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. चुकीवरून नजर निसटून गेली आणि पान छापून झाल्यावर ती दिसली, की जायचा तसा.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात गेले.

"वेगळं कार्ड आता बसवा यात," ते म्हणाले. "जी बसवा. काय होईल ते देतो."

"साहेब, ते मागाहून बसत नाही. या जातीत जन्मतःच लागतं."

"पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर आम्ही शुद्धिपत्र लावतो. एक चिटोरं. तसं काही?"

"लॅपटॉपला नसतं तसं." दुकानदाराने त्यांना बसायला खुर्ची दिली. "हा देऊन तो घेता येईल. पण याचे आता निम्मेसुद्धा येणार नाहीत. वरची भर मोठी आहे."

वाचलेल्या पैशांचं तिरकं टेबल घरी येऊन पडलं होतं. आयुष्यभर एका मात्रेसाठी मालकांशी भांडलेला माणूस त्या खुर्चीत बसून राहिला. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक काय, असं विचारणाऱ्याला त्यांनी एकदा खोलीबाहेर काढलं होतं.

घरी आल्यावर ते थेट मुलीच्या खोलीत गेले. खिडकी असलेली खोली अजून घेतली नव्हती. ही आतलीच होती.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सील फोडलं होतंत."

"म्हणून काय झालं? बोलायचं होतंस. चिडायचं होतंस."

तिने पेन्सिलीला टोक केलं.

"तुम्ही किती खूश होतात, बाबा. उभा जन्म लोकांच्या चुका काढून आम्हाला वाढवलंत. तुमची काढायचं माझ्या जिवावर आलं."

अनुस्वाररावांनी पिशवीतून लॅपटॉप काढून तिच्या टेबलावर ठेवला.

वरच्या भरीसाठी त्यांनी बाहेरची कामं धरली. औषधांच्या याद्या, मतदारांच्या याद्या, दूरध्वनीच्या याद्या. त्यांत एकही विशेषण नसतं, नुसती नामं असतात, डोळे फोडणारी. शनिवारी, रविवारी ते खिडकीत बसून बोट फिरवत वाचत. बायको म्हणे, "अहो, चष्म्याचा नंबर वाढलाय, आधी तो बदला." ते म्हणत, "आधी जी." घरात तो शब्द आता कुणी हसण्यासाठी उच्चारत नसे. मार्चपर्यंत अर्धी रक्कम जमली. मार्चमध्येच परीक्षकांसमोर इमारत सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायची होती. बाकीच्यांच्या इमारती फिरल्या. कॉलेजातल्या संगणकावर तिचा नंबर कधी लागे, कधी नाही, आणि तिची इमारत अर्धीच राहिली होती. तिने कागदावर काढलेली समोरची बाजू दाखवली. रेघा अतिशय सुंदर होत्या, असं परीक्षकांनी लिहिलं आणि तिला त्या विषयात नापास केलं.

पुढच्या वर्षी ती त्याच विषयाला पुन्हा बसली. छापखाना त्याच पावसाळ्यात बंद झाला आणि जमलेली अर्धी रक्कम घरभाड्यात गेली. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिने कॉलेज सोडलं.

ती आता एका फरशांच्या दुकानात दरपत्रकं टाइप करते. त्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो.