अष्टमीचा भांग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण ह्या गोष्टीतलं गाढव मीच आहे!

पंचाऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मी डोंबिवलीचा, मंदाशी लग्न करायला टपलेलो. अडसर एकच, तिचे वडील. आप्पा शाळेत मराठीचे मास्तर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. म्हटलं, सहल काढून खूश करू! कोपरीच्या एका नाखवांची शिडाची होडी ठरवली. वाटेत आडोशाच्या बंदरांत नांगर टाकत दोन दिवसांत घारापुरी. "खाडी मला तोंडपाठ आहे हो," अशी थापही मारलेली.

होडी सुटली. आप्पा पुढे छत्री उघडून बसले. मी मागे जाऊन नाखवांना विचारलं, "फार डुलणार नाही ना?"

"नाय रं! आज अष्टमी. मोठा भांग हाय. आरामात जाऊ!"

भांग? सकाळी सकाळी? आता, भांग 'मोठा' कसा? पण म्हटलं, ह्यांच्या बोलीत चालत असेल.

"नाखवा, हळू बोला! सासरे बसलेत."

"तेच्यात काय? भांगान म्हातारी मानसं पन मजेत बसतात!"

संपलं! हा आप्पांनाही पाजणार, मंदा गेली हातची! नाखवा शिडाची दोरी सोडवायला उठले आणि मी झडप घालून सुकाणू धरलं. जवळच किनारा दिसत होता, आप्पांना तिथेच उतरवू म्हणून होडी वळवली.

फच्च! रुतली चिखलात.

"काय केलंस रं? उधान असता तर निंगाली असती. भांगाचं पानी बेगीन चढत नाय. बसा आता फुडच्या भरतीपरेंत!"

"भांग पिऊन होडी चालवता, आणि वर मलाच?" मी बोंबललो.

आप्पांनी शांतपणे चष्मा पुसला.

"अहो, पितात ती भांग. हा भांग म्हणजे अष्टमीची मंद भरती-ओहोटी. खाडी तोंडपाठ ना तुमची?"

दिवसभर चिखलाकडे बघत बसलो. संध्याकाळी धीर करून विचारलं, "आप्पा, मंदाचं काय?"

"देईन की. आधी माझ्या शिकवणीला बसायचं, सातवीच्या मुलांबरोबर. लिंगविचारापासून!"

बसलो हो, सहा महिने बसलो! लग्न झालं, संसार झाला. पण आजही आरशासमोर केस विंचरताना मंदा मुद्दाम वळून विचारते, "अहो, मी पाडतेय तो भांग, की ती?"