उलटवलेला नवरदेव

ब्रह्मदेवानं सृष्टी हातानं घडवली इथंच सगळा घोळ झाला, मशिनीवर घडवली असती तर माणसाचे दोन कान तरी सारखे आले असते, असं छातीठोक सांगणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. भाऊजी इचोड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. आता ड्रॉइंग मास्तरला चित्र काढता यावं अशी लोकांची भाबडी समजूत असते. भाऊजींना येत नसे. फळ्यावर त्यांनी आंबा काढला की पोरं एका सुरात "वांगं!" म्हणायची, आणि भाऊजी इतके भिडस्त की पोरांचा हिरमोड नको म्हणून तास संपेपर्यंत वांगंच शिकवायचे. त्यांच्या गोलाला तर सारा गाव 'मास्तरची भाकर' म्हणायचा. असा माणूस बारा-पंधरा वर्षं त्या शाळेत लोकांची चेष्टा गिळत राहिला, आणि मग एक दिवस हैदराबादेहून नागपूरकडे निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर एक जुना कॉम्प्युटर घेऊन घराच्या दारात उतरला.

त्या कॉम्प्युटरमध्ये चित्रं काढायचा एक प्रोग्राम होता. भाऊजींनी माउस धरला, तिरपा ओढला, आणि पडद्यावर गोल उमटला. खरा गोल! अक्का सांगते, ते कितीतरी वेळ नुसते बघत बसले आणि मग देवाला ठेवलेलं गूळखोबरं उचलून त्यांनी पडद्यासमोर ठेवलं. "पाहून घे," ते तिला म्हणाले, "या गोलाले कोनी भाकर म्हनून दाखवा म्हनावं!" समोरच्या खोलीत दुकान निघालं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बियाण्याच्या पिशव्यांवरची चित्रं. त्या खोलीत चपला घालून गेलेला माणूस हाकलला जाई. वीज गेली की भाऊजी पडद्यावर टॉवेल झाकत आणि आम्हाला हळू बोलायला लावत. छपाईसाठी फ्लॉपी आदिलाबादला न्यायची तर जेवणाच्या डब्यात ठेवून, वर फडकं बांधून, बसमध्ये खिडकीपासून लांब बसत. "आमच्या घरात वायर आली अन् नवरा गेला," अक्का म्हणायची.

प्रोग्रामच्या सगळ्या युक्त्यांत त्यांना एक भारी आवडली. अर्धं चित्र काढायचं, त्याची नक्कल करायची, ती आरशातल्यासारखी उलटवायची आणि शेजारी चिकटवायची. पान, फूल, कमान, कलश, सगळं झटक्यात तयार. "साळीबाई," मला ते म्हणायचे, "अर्धं काढा, उलटवा, जोडा. दुनियेत दुसरं काई हायेच नाई." पान-कलशापर्यंत ठीक होतं. पण एका साडीवाल्याच्या पाटीवर त्यांनी अर्धा गणपती उलटवून जोडला आणि त्याला दोन सोंडा आल्या. तो शेठ पाटीकडे बघतच राहिला. "मास्टरजी, ये कौनसा अवतार है?" भाऊजी जराही डगमगले नाहीत. "शेठ, दुकान दो भाइयों का है ना? एक-एक को एक सूंड." शेठ खूश होऊन पाटी घेऊन गेला! दुधवाल्यासाठी त्यांनी अशीच एक गाय केली. तिला दोन्हीकडं तोंड होतं, शेपटी कुठंच नव्हती, आणि दुधवाला बिचारा आजतागायत विचार करत असेल की हिला बांधायची कुठून.

घरातली माणसंही त्यांना पडद्यावरच्या आकारांसारखी दिसू लागली. पंगत बसली की हे पानं पुढं-मागं सरकवून सारख्या अंतरावर आणणार, आणि तोवर वाढलेलं वरण निवून जाणार. एकदा फोटो काढताना आमच्या वडिलांना म्हणाले, "आबा, तुमी सगळ्यात मागच्या थरात जा." आबा निमूट मागं गेले, आणि त्या फोटोत आबांचं नुसतं पागोटं आहे.

पण गिऱ्हाइकासमोर हा माणूस मेणाहून मऊ. फळ्यावरची इतकी वर्षांची चेष्टा अंगात मुरलेली, दुसरं काय? कोणी काही बदलायला सांगितलं की "हौ, हौ, करतो" आणि केलंच. गुडीहत्नूरच्या एका कापूसवाल्यानं बोंड मोठं करायला सांगितलं. केलं. अजून मोठं. केलं. शेवटी पाटीभर कापूस झाला आणि मालकाचं नाव पाटीबाहेर गेलं. "त्यायले आवडलं ना, मंग झालं," भाऊजी म्हणाले.

अशात त्यांच्या एकुलत्या पोरीचं, रेखाचं, लग्न ठरलं. मुलगा बेल्लमपल्लीचा, मोठा गुणी. त्याचे वडील कोळशाच्या खाणीच्या हपिसात मोठे बाबू, बोलणं तोलूनमापून, मिशी त्याहून तोलूनमापून. मी लग्नाच्या तयारीला आले तर रेखानं मला चुलीमागं ओढलं. पोरगी रडायच्या बेतात होती. "मावशे, काईबी कर, पन माई पत्रिका बाबाले करू देऊ नको. सासरचे लोक जलमभर हासतीन. मी दोन सोंडीवाल्याची पोरगी म्हनून नांदू काय?" तिचं काय चुकलं? मी पदर खोचून दुकानात गेले.

"झाली बी पत्रिका!" भाऊजींनी माझं स्वागत केलं. पडद्यावर नवरा-नवरी समोरासमोर हार घेऊन उभे होते. मी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "भाऊजी, नवरीले मिशी हाये."

"असं काय?" ते निवांत म्हणाले. त्यांनी नवरदेव काढला होता, उलटवला होता आणि त्याला साडी नेसवली होती. मिशी तेवढी राहून गेली. "हे घ्या," टक् करून त्यांनी मिशी उडवली. "न्हावी बी लागला नाई." आणि खरं सांगते, मिशी गेल्यावर ते चित्र वाईट नव्हतं. साधं, ठसठशीत. रेखालाही मी बोलावून दाखवलं. तिनं सोंडा, शेपट्या, सगळं तपासलं आणि सुस्कारा सोडला.

छापायच्या आधी दोन्हीकडच्यांनी मजकूर बघायची रीत. मुलाचे वडील, म्हणजे आमचे इवाई, बेल्लमपल्लीहून आले, खुर्चीवर बसले, नावं वाचली, मान डोलावली. मग त्यांची नजर चित्रावर गेली. "मास्तर, नवरीची मान काऊन वर हाये?"

आम्ही सगळ्यांनीच तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं. साऱ्या पत्रिकांत नवरीची मान खाली असते. ही मात्र नवरदेवाचीच उलटी नक्कल, त्यामुळे ताठ उभी राहून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती.

"आमच्या घरान्यात पोरी मान खाली घालून येतात," इवाई म्हणाले. "तेवढी वाकवून द्या. नाई त आमाले पुढच्या गोष्टीचाबी इचार करा लागन."

अक्कानं चहाची बशी तशीच खाली ठेवली. दारामागं रेखा होती, तिचा पदर मला दिसत होता. मी मनात म्हटलं, सुटलो! वाकवणं म्हणजे भाऊजींचा डाव्या हाताचा मळ. पत्रिकांवरच्या मोरांच्या माना वाकवताना मी त्यांना शंभरदा पाहिलं होतं. अक्का तर डोळ्यांनीच त्यांना ढकलत होती.

भाऊजींनी माउसवर हात ठेवला. पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि म्हणाले, "होत नाई."

"काय होत नाई?"

"मान खाली होत नाई. मशिनीत ते नाईच. पाहा." त्यांनी काहीतरी धरून ओढलं, तर नवरीचं नाक लांब होऊन हारापर्यंत आलं. "मान ओढली की नाक येते." अजून ओढलं. नाक नवरदेवाच्या फेट्यात शिरलं.

"राहू द्या, राहू द्या!" इवाई खुर्चीतून उठलेच. "नाक नका लांबवू, माय बाप!" ते पडद्याकडे बघत घाम पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "मशिनीतच नसन होत, त कोन काय करन. छापा." आणि त्यांनी चहा घेतला.

इवाई बसमध्ये बसल्यावर मी भाऊजींना गाठलं. "केवढं खोटं बोललात! मोराची मान त एका झटक्यात वाकवता."

फळ्यावरच्या वांग्यालाही हो म्हणणारा तो माणूस माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "मोराची वाकवतो म्हनून पोरीची बी वाकवू काय, साळीबाई?"

लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला आणि हार घालायची वेळ आली तशी मागून एक चुलतसासू कुजबुजली, "पोरी, मान खाली घाल वो." रेखानं समोर उभ्या नवऱ्याकडे सरळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "होत नाई, आत्या." नवरदेव खुदकन हसला. भाऊजी अक्षता मुठीत तशाच धरून मांडवाच्या खांबाआड गेले आणि ढसाढसा रडले.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. समोरच्या त्या खोलीत अक्का कांदे पसरते. मी मात्र अजूनही कुठली लग्नपत्रिका आली की आधी तिथी-वार बघत नाही. नवरीची मान बघते, आणि मला भाऊजींची फार आठवण येते.